झाडांची हजेरी

आमच्या कॉलेजचे माळी राऊतकाका रोज सकाळी दोन हजेऱ्या घ्यायचे. पहिली आमची, म्हणजे 'कमवा आणि शिका' योजनेतल्या पाच मुलींची, दुसरी झाडांची. झाडांना तोंड नसल्यामुळे 'हजर' आम्हीच म्हणायचं.

"चिकूशेट?"

"हजर!"

"जास्वंदबाई?"

"आजारी, काका."

"त्या आजारी, आनि तू हसतेस?"

झाडांना अहोजाहो, आम्हाला अगंतुगं. तक्रार केली तर म्हणायचे, "ते परमनंट हायत. तुमी तीन वरसांच्या."

मी मासवणहून पहिल्या एसटीने यायचे. लेक्चरआधी दोन तास बागकाम केलं की फी आणि पास निघायचा. कामाचं मला काही नव्हतं. घरी भाताची आवणी केलेली, शेण उचललेलं. पण वर्गातलं कुणी दिसलं की शेणखताची पाटी टाकून मी आंब्यामागे लपायचे. काकांच्या ते लक्षात येत नाही, अशी माझी समजूत.

एका सकाळी बॉटनीचे सर आमच्याच वर्गाची दुसरी बॅच घेऊन बागेत हजर. पळायला वेळच मिळाला नाही. मी कमरेवर पाटी घेऊन उभी, कान तापलेले. सर काकांना म्हणाले, "चिकूचं कलम कसं बांधता, सांगा जरा मुलांना."

जवळच्याच माहीम गावच्या वाडीत ज्याचं बालपण कलमं बांधण्यात गेलं तो माणूस डोकं खाजवत म्हणाला, "माला नाय ठावं, सर. आमच्या मॅडमना इचारा."

मॅडम म्हणजे मी! काकांनीच शिकवलेलं चाचरत सांगायला सुरुवात केली. खिरणीच्या रोपाचा खुंट घ्यायचा, चिकूची फांदी जवळ आणायची, दोन्हींची साल तासायची, घट्ट बांधायचं... बोलता बोलता पाटीचं भानच राहिलं नाही. मुलं वहीत उतरवून घेत होती. काका लांबवर पाइप धरून उभे, आणि पाणी भलत्याच वाफ्यात चाललेलं.

"खरंच आठवत नव्हतं?" मी नंतर विचारलं.

"वय झाला. इसरतो मानूस."

त्यानंतर मी कधी लपले नाही.

शेवटचा पेपर देऊन निरोप घ्यायला गेले, तर काकांनी वर बघितलंच नाही. "झाला ना? जा मग." फाटकापाशी पोचले आणि मागून हाक आली.

"अगो, सुटीत ये. काम नाय देनार. नुसती बसाया ये."

बायको गेल्यापासून एकट्या राहणाऱ्या काकांनी तीन वर्षांत स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट. मी हो हो म्हटलं, आणि बी.एड.च्या गडबडीत दोन वर्षं गेलेच नाही. त्याची मला अजून लाज वाटते.