हात न लावायचा स्टोव्ह

मथुराबाईला यंदा नागपुरात मांडी घालून बसायचं होतं. मागणं एवढंसंच, पण ते नवऱ्यापुढं मांडायला तिनं दोन-तीन दसरे घालवले होते.

बुद्धाची दीक्षा घेतल्यापासून दारव्ह्याची ही मंडळी दर दसऱ्याला नागपूरला जात आणि मैदानावरच मुक्काम करत. मारोती पुढं जाऊन बसे, आणि मथुराबाई पार मागं, तीन दगडांच्या चुलीशी. घरून जळणाला नेलेली पऱ्हाटी दवानं सादळलेली असे. फुंकता फुंकता डोळ्यांचं पाणी होई. कर्ण्यातून जे सांगत ते तिच्यापर्यंत धुरातून गाळून येई. शेवटी सगळे होकाराचं 'साधू, साधू, साधू' म्हणत, तेवढं स्वच्छ ऐकू येई. मग तीही पिठाचे हात जोडून तीनदा साधू म्हणे. कशाला म्हटलं, ते मात्र तिला कधी कळलं नाही. जेवताना तिनं विचारावं, "काय काय सांगतलं जी?" आणि मारोतीनं घास गिळून म्हणावं, "चांगलं सांगतलं."

यंदा शेजारच्या डोमाजी आणि तुळसाबाईसोबत अब्दुल गनीची मोटार ठरली, तेव्हा तिनं तोंड उघडलं. "एक स्टोव्ह घ्या. घडीभरात रांधून होईन, मंग मीबी येऊन बसन."

मारोती कापसाच्या जिनात इंजिनाला तेल घालायच्या कामावर होता. यंत्र म्हटलं की त्याच्या अंगातच येई. त्याच दिवशी तो तिला घेऊन बबनरावांच्या दुकानात गेला.

बबनरावांनी फळीवर दोन स्टोव्ह मांडले. "हा वातीचा. गायीवानी गरीब. पेटवा न् विसरा. अन् हा पंपाचा. पंप मारला का रेल्वेवानी आवाज करते."

"गायीवर खिचडी होते का?" मथुराबाईनं विचारलं.

"थोडी सावकाश होते, बाई. पण लेकरानंबी पेटवावा असा हाय."

तिथंच वातीच्या स्टोव्हचं नशीब फुटलं. लेकराला पेटवता येतं त्या यंत्राचं मारोतीनं काय करावं? "तिसरा नाई का?" त्यानं विचारलं.

बबनरावांनी भिंतीवरच्या कॅलेंडराकडं बोट केलं. एक हसरी बाई चकचकीत शेगडीपाशी उभी होती, शेजारी लोखंडी टाकी. "मुंबईले असे निघाले म्हणते. घासलेट नाई, वात नाई, धूर नाई. टाकीतला गॅस जळते."

"गॅस म्हंजे?"

"हवाच समजा."

मारोतीनं चित्र बराच वेळ पाहिलं. "हवेवर भात? बबनराव, आमी दारव्ह्याचे हाव, पण इतकेबी नाई." आणि त्यानं पंपाचा उचलला.

संध्याकाळी अंगणात परीक्षा झाली. मारोतीनं इंजिनाच्या सवयीनं दणादण पंप मारला आणि मग वाकून काडी लावली. भडका चांगला छातीएवढा उठला. मोटारीचं विचारायला आलेला अब्दुल गनी दारातच थांबला.

"मारोतभाऊ, तुमची एक भुवई कुठी गेली?"

मारोतीनं कपाळ चाचपलं, आणि चूक आपली नाही हे ठरवायला त्याला क्षणही लागला नाही. "मशीन तेज हाय," तो म्हणाला. "आजपासून या स्टोव्हले बाईमाणसानं हात लावायचा नाई. समजलं का, मथुरे?"

मथुराबाईनं मान हलवली. इतक्या लवकर तिनं त्याचं लग्नातही ऐकलं नव्हतं.

मग स्टोव्हचा संसार वाढू लागला. त्याला घासलेटाचा डबा आला, स्पिरिटची बाटली आली, भोक साफ करायच्या पिना आल्या. मैदानावर वारा लागेल म्हणून आडोशाला पत्रा आला. हे सगळं हलू नये म्हणून जिनातलं एक लाकडी खोकं आलं. निघायच्या पहाटे ते खोकं दोघांनी उचलून मोटारीपाशी आणलं.

डिकीत डाळ-तांदूळ होते. "तिथं घासलेट ठेवलं तं आपुन घासलेटच खाऊ," तुळसाबाई म्हणाली. म्हणून खोकं मागच्या सीटवर चढलं, आणि जागा संपली.

"माणसं चार, मी पाचवा," अब्दुल गनीनं हिशेब केला. "अन् हे जनाब सहावे. कोणाले तरी उतरा लागते."

सगळ्यांनी नुसतं मथुराबाईकडं पाहिलं. मारोती खाली बघत म्हणाला, "यंदा स्टोव्ह कसा चालते ते पाहून घेतो. तू पुढच्या सालाले ये. तुह्यासाठीच तं घेतला."

मथुराबाईचा एक पाय मोटारीत होता. अंगावरचं पांढरं पातळ तिनं तांब्यात निखारे घालून स्वतः इस्त्री केलं होतं. तिनं पदर सारखा केला, आणि दुसरा पायही आत घेतला.

"खोकं ठेवा घरी. डबा, पत्रा टपावर बांधा. स्टोव्ह मांडीवर येते."

"मंग घे तू मांडीवर."

"मी कशी घेऊ? बाईमाणसानं हात नाई लावायचा ना."

अब्दुल गनी स्टिअरिंगवर डोकं टेकून हसला. "भाभी बराबर बोलली. कायदा तुमचाच हाय, मारोतभाऊ."

यवतमाळ, कळंब, वर्धा असा सगळा रस्ता मारोतीनं स्टोव्हला तान्ह्या लेकरासारखं मांडीवर घेऊन काढला, आणि स्टोव्हनंही लेकरासारखंच त्याचं नवं पांढरं धोतर प्रत्येक खड्ड्याला ओलं केलं. मैदानावर त्याच्या घासलेटाच्या वासानं शेजारचे लोक सरकून बसू लागले.

"तुमी व्हा पुढं," तो कसंनुसं म्हणाला. "मी खिचडी मांडून आलोच."

मथुराबाई पुढं गेली आणि मांडी घालून बसली. पहिल्यांदाच तिनं सगळं पहिल्या शब्दापासून ऐकलं. मागून स्टोव्हची घरघर येई, फुसकन बंद पडे, पंपाची खटखट होई, पुन्हा घरघर. दोनदा तिचा गुडघा आपसूक उठायला वळला. तिनं तो हातानं दाबून धरला.

शेवटी सगळ्या मैदानानं 'साधू, साधू, साधू' म्हटलं. सगळे थांबल्यावर पार मागून, एकटाच, मारोतीचा आवाज आला, "साधू, साधू, साधू."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि यंदा तर धूरही नव्हता.

खिचडी खाली करपली होती, वर कच्ची होती. मारोतीचे हात काळे, धोतर पिवळं. तिच्या ताटात वाढत त्यानं हळूच विचारलं, "काय काय सांगतलं वं?"

"चांगलं सांगतलं," मथुराबाई म्हणाली. त्यानं मान खाली घातली तशी ती जरा सरकून जवळ बसली, आणि पहिल्या शब्दापासून सांगू लागली. तो जेवायचा थांबून ऐकत राहिला.

सांगून झाल्यावर तो म्हणाला, "पुढच्या सालाले तो वातीचा घेऊ. त्याले कोणीबी हात लावू शकते."

"नोको," मथुराबाई म्हणाली. "हाच राहू द्या. आता तुमच्या हाताले बसला."