तळ्याच्या तळाशी पाईप

नगरपालिकेच्या पावसाळी गटार विभागात मी अभियंता आहे, आणि माझ्या हद्दीत पाणी मला विचारल्याशिवाय थांबत नाही, असं मी चारचौघांत बेधडक सांगत असे. त्यामुळे नव्या वसाहतीची गटारं बिल्डरकडून आमच्या ताब्यात आली, तेव्हा मी साहेबांना म्हणालो, "सकाळी काम सुरू करतो. दुपारी तुम्ही नुसतं बघायला या. कुणाला पत्तासुद्धा लागणार नाही."

अडचण एवढीच होती, की त्याच वसाहतीत मी राहतो.

वसाहतीच्या मधोमध एक मोठा खड्डा ठेवलेला आहे. जोराचा पाऊस आला की रस्त्यांवरचं सगळं पाणी त्यात उतरावं, तळाच्या पाईपातून सावकाश बाहेर जावं आणि खड्डा पुन्हा कोरडा व्हावा, अशी ती योजना. पण बांधकामाच्या धांदलीत पाईप गाळाने आणि सिमेंटच्या पिशव्यांनी बुजला. पाणी तुंबलं, त्यात आभाळ दिसू लागलं, आणि बिल्डरने फलक लावला, 'तळ्याकाठची घरं'. आमच्या घराची बाल्कनी बायकोने पसंत केली. मी त्या वेळी खाली पार्किंग बघत होतो.

भरलेल्या खड्ड्यात पुढचा मोठा पाऊस मावणार नव्हता. तो थेट त्या पार्किंगमध्ये उतरला असता. हे घरी समजावून सांगणं सोपं नव्हतं, कारण घरी सासरे होते. ते आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले.

"चहूबाजूंनी जमीन आणि मध्ये पाणी. याला तळं म्हणतात, जावईबापू."

"बाबा, पण याच्या तळाशी पाईप आहे, आणि तो बुजलाय. मोठा पाऊस आला तर पार्किंगमध्ये पाणी शिरेल."

"पाईप पुस्तकात नव्हता," ते म्हणाले, आणि माशांना खाऊ घालायला निघून गेले. हे मासे त्यांनीच बाजारातून आणून सोडले होते.

शेवटी मी बायकोला मोघमच सांगितलं, "उद्या तळ्याची जरा साफसफाई आहे." घोळ झाला तो इथेच. तिने शेजारणीला सांगितलं, तळं स्वच्छ होणार. शेजारणीने पुढे सांगितलं, तळं सुशोभित होणार. वरच्या मजल्यावरच्या कप्तानापर्यंत बातमी पोचली तेव्हा तिथे नौकाविहार सुरू झालेला होता. कप्तान म्हणजे जहाज कंपनीच्या कचेरीत जन्मभर हिशेब केलेला गृहस्थ. त्याला बोटीत चढायची संधी अशी कधी मिळालीच नव्हती.

सकाळी गाळ ओढणारी गाडी घेऊन पोचलो, तर काठावर खुर्च्या मांडलेल्या. मंडळी नटून बसलेली. कप्तान पायाने पंप मारून रबरी होडी फुगवत होता.

"साहेब, उद्घाटन आहे का?" मुकादमाने हळूच विचारलं.

"तू पाईप मोकळा कर," मी म्हणालो.

त्याच्या माणसांनी जाळी उचलली, सळईने पिशव्या ओढून काढल्या, आणि आतून ढेकर दिल्यासारखा आवाज आला. पाणी गोल फिरू लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कारंजं सुरू होतंय. मग काठाची ओली रेघ उघडी पडत गेली आणि टाळ्या एकेक करून थांबल्या.

"पाणी कुठे चाललंय?" बायकोने विचारलं.

"नदीत," मी म्हणालो. खरं उत्तर होतं, पण वेळ चुकली.

"माझे मासे," असं म्हणून सासरे बादली घेऊन खाली उतरले. चार पावलं गेले आणि गुडघ्यापर्यंत गाळात रुतले. मी धावलो, त्यांना काखेत हात घालून उचलायला गेलो आणि मांडीपर्यंत रुतलो. माझं वजन त्यांच्यापेक्षा जास्त आहे.

"घाबरू नका, येतोय," वरून कप्तान म्हणाला. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो क्षण त्याला आला होता. त्याने होडी ढकलली, आत बसला, वल्ही मारली. होडी घसरत आमच्यापर्यंत पोचली आणि तिथेच टेकली, कारण पाणी तोवर संपलेलं होतं. आता आम्ही तिघं झालो.

त्याच वेळी साहेब आले. त्यांनी काठावरून बराच वेळ पाहिलं.

"काम कसं चाललंय?"

"पाईप मोकळा झाला, साहेब."

"आणि तुम्ही?"

मुकादमाने आम्हाला दोराने बाहेर ओढलं. एवढं होऊनही सासऱ्यांनी बादली सोडली नव्हती, रुतल्या जागेवरूनच हाताशी आलेले मासे त्यात भरले होते; आणि खरं सांगतो, त्यातले मासे हलताना पाहून मलाही बरं वाटलं.

त्यानंतर घरात माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलणं सुरू झालं. बाल्कनीतून आता चिखल दिसत होता. मीही निमूट ताटाकडे बघून जेवत होतो.

आणि मग पाऊस आला. आडवातिडवा, दारं बडवणारा. रस्त्यांचं पाणी खळाळत खड्ड्यात कोसळलं. खड्डा काठोकाठ भरला. बायको बाल्कनीत येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. ती पाण्याकडे बघत होती, मी पार्किंगच्या उताराकडे. पाणी उताराच्या तोंडाशी आलं, थबकलं, आणि मग हळूहळू मागे सरलं. पार्किंग कोरडं ठाक होतं.

"हे तू केलंस?" तिने विचारलं.

"विभागाने केलं," मी म्हणालो. आवाजातला अभिमान मला लपवता आला नाही. तिने माझ्या हाताला हात लावला. बऱ्याच दिवसांनी बरं वाटत होतं, तेवढ्यात मागून सासरे आले.

"जावईबापू, पार्किंगमध्ये पाणी शिरेल म्हणाला होतात."

"हो."

"शिरलं नाही."

"नाही शिरलं, बाबा."

"मग तळं उगाचच काढलंत ना?"

याचं उत्तर माझ्याकडे आहे. त्यावर मी विभागात तासभर व्याख्यान देऊ शकतो. पण ते माशांना खाऊ घालायला आमच्या बाथरूममध्ये शिरले होते, आणि टबभर मासे असल्यामुळे मला टॉवेल घेऊन वर कप्तानाकडे आंघोळीला जायचं होतं.