हिरवा थर कुणी बुडवला?

माझ्यासारखा गुप्तहेर शतकातून एकदाच जन्मतो, आणि तो नेमका आमच्याच घरी जन्मला ही आईची तक्रार आहे. तीक्ष्ण नजर, थंड डोकं, आणि कार्डावर ‘रहस्यभेदक’ ही पदवी. ती मला छापखान्याने दिली. अवघड प्रकरणं मी जेवणाच्या टेबलाशी बसूनच सोडवतो. विचार सुरू झाला की माझं अंगन् अंग कामाला लागतं.

त्या शनिवारचं प्रकरण ताईचं होतं. चार वाजता कोपऱ्यावरचे कॅफेवाले येणार होते. तिचं थरांचं पेय पसंत पडलं तर सोमवारपासून त्यांचं काउंटर तिच्याकडे. नाही पडलं तर परत त्या विमा कंपनीत फोनवर लोकांच्या शिव्या खायच्या. ग्लासात तळाशी स्ट्रॉबेरीचा गोड गर, त्यावर बर्फ आणि दूध, आणि सगळ्यात वर माचा, म्हणजे हिरव्या चहाची पूड पाण्यात घुसळून चमच्याच्या पाठीवरून अलगद सोडलेली.

“रंग वेगवेगळे दिसलेच पाहिजेत म्हणालेत,” ताई म्हणाली. “आणि हे मेले टिकतच नाहीत. ओट्यावर नीट असतात, टेबलावर आणलं की शेवाळ.”

मी ग्लासाला डोळा लावला. हिरवा थर दुधात उतरत होता, दूध गरात.

“घातपात,” मी म्हणालो.

“बरं. आणि स्ट्रॉबेऱ्या खाऊ नकोस.”

“पुरावा तपासतोय.”

पहिला संशय दुधावर. दूधवाल्याला फोन लावला.

“दुधात काय घालतोस?”

“दूध,” तो म्हणाला. उत्तर इतकं तयार होतं की माझा संशय बळावला.

दुसरा संशय बर्फावर. बर्फ फ्रिजमधला, फ्रिज मामांनी दिलेला, आणि विमा कंपनी सोडू नकोस असं मामाच म्हणाले होते.

“म्हणून त्यांनी मी शाळेत असताना फ्रिज दिला?” ताईने विचारलं.

“थंड डोक्याने रचलेला कट आहे.”

तिने नवा ग्लास टेबलावर आणून ठेवला. मी समोर बसून विचाराला लागलो, आणि मला दिसलं की ग्लासात बारीक लाटा उठताहेत. बशीतला चमचाही किणकिणत होता. मी छताकडे पाहिलं. वर व्यायामशाळेचे मास्तर राहतात. दोरीवरच्या उड्या, दुसरं काय!

मी धावत वर गेलो. मास्तरांनी दार उघडलं. त्यांचा एक पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता.

“उड्या बंद करा,” मी बजावलं.

त्यांनी प्लास्टरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. मनात पाप असलेला माणूस असाच वागतो.

खाली आलो तर ताईचा चेहरा खुललेला. टेबलावर आणखी एक ग्लास, त्यात लाल, पांढरा, हिरवा, पट्टीने आखल्यासारखे.

“टिकले रे. तू गेल्यापासून आहेत तसे आहेत.”

“टिकणारच. दम भरून आलोय.”

मी खुर्चीत बसलो आणि प्लास्टर घालून उड्या कशा मारता येतील यावर विचार करू लागलो. बघता बघता ग्लासाचं शेवाळ झालं.

ताई मटकन खाली बसली. “जाऊ दे,” ती म्हणाली. “मी जाते सोमवारी तिकडेच.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पुराव्यातली एक स्ट्रॉबेरी तिच्यापुढे सरकवली.

आई बाजूला कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता ती म्हणाली, “तू आधी पाय हलवणं बंद कर. टेबल हलतंय केव्हाचं.”

मी वाकून पाहिलं. माझा उजवा गुडघा टेबलाच्या पायाला टेकून शिलाई मशीनसारखा चालला होता. त्यानंतर ताई जे बोलली ते प्रकरणाच्या नोंदीत घेतलेलं नाही.

चारला कॅफेवाले आले. मला भिंतीशी उभं केलं होतं. ग्लास त्यांच्या समोर, थर जागच्या जागी. “वा,” ते म्हणाले. फोटोसाठी मोबाइल काढला, कॅमेरा सापडेना, आणि शोधता शोधता त्यांचा गुडघा सुरू झाला. टेबल थरथरलं. हिरवा थर बोटभर खाली उतरला. ताईचा चेहरा उतरला.

मी झेप घेतली, टेबलाखाली शिरलो आणि त्यांचा गुडघा दोन्ही हातांनी आवळला.

“हे काय चाललंय?” वरून आवाज आला.

“आधी फोटो काढा,” मी खालून म्हणालो. “तोवर सोडणार नाही.”

फोटो छान आला. ताई आता त्यांच्या काउंटरवर असते. मी गेलो की मला तिथे मोठा ग्लास फुकट मिळतो, फक्त बसू देत नाहीत.