पाऊण तासाची समाधी

"पाऊण तास! घड्याळ लावून बघ, जागचा हलणार नाही!" बापूरावांनी कुसुमताईंना छाती पुढे काढून सांगितलं.

प्रोस्टेटचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. नळी निघाली आणि घरात नवाच कारभार सुरू झाला. लघवी लागली म्हणेपर्यंत आलेलीच असायची! शिंकलं की थेंब, खोकलं की थेंब. डॉक्टर म्हणाले, होईल हळूहळू, डोळे मिटून खालचे स्नायू आवळा, दहा आकडे मोजा, मग सैल सोडा. बापूरावांचा जन्म पाटबंधारे खात्यात गेलेला, पाणी अडवणं त्यांना नवीन नव्हतं. दहा मिनिटांवरून ते पाऊण तासावर आले होते.

"अहो, पण लेकीचं लग्न आहे. शेवटच्या रांगेत बसा, बाथरूमच्या दाराशी."

"अपेक्षाचा बाप शेवटच्या रांगेत? मी स्टेजवरच बसणार! आपल्या बौद्ध लग्नाला ना मुहूर्त, ना होम. वीस मिनिटांत आटोपतं."

बेत चोख होता. त्यात भाषणं तेवढी धरली नव्हती.

येरवड्याच्या हॉलमध्ये त्रिशरण-पंचशील झालं, अपेक्षा आणि रोहननं एकमेकांना हार घातले, फुलं पडली. अठरा मिनिटं! पांढऱ्या साडीतल्या लेकीकडे बघताना बापूरावांना वाटलं, आपली खुर्ची जमिनीपासून वीतभर वर उचलली गेलीय. कालपरवा फ्रॉक घालून अंगणात धावणारी पोर आज हिंजवडीला कॉम्प्युटरवर काम करते काय, आणि नवरी होते काय! आता उठायचं नाही. आजचा दिवस डोळे भरून बघायचा.

तेवढ्यात रोहनचे मामा पोपटराव माइकपाशी गेले. "मी दोनच शब्द बोलतो," म्हणाले आणि 'जागतिकीकरण आणि गृहस्थजीवन' या विषयात शिरले. पंचविसाव्या मिनिटाला ते अमेरिकेत होते. परतीची चिन्हं नव्हती!

बापूरावांनी डोळे मिटले. एक, दोन, तीन... माइकचा आवाज लांब लांब गेला. समोर खडकवासल्याचं पाणी पसरलं, निळं, गार, काठोकाठ. काठावर एक बगळा उभा. दरवाजे बंद, आणि चाकाशी बापूराव एकटे. पाणी चढत होतं, तरी सगळं कसं शांत, सुंदर. आठ, नऊ, दहा. त्यांच्या चेहऱ्यावर मंद हसू आलं.

पोपटराव थांबले तेव्हा पाऊण तास कधीच उलटून गेला होता. बापूराव उठणार, इतक्यात लग्न लावणाऱ्या बौद्धाचार्यांनी माइक घेतला.

"वधूपित्याकडे पाहा! एवढ्या गर्दीतही किती खोल ध्यान! चला, आपणही सगळे दहा मिनिटं शांत बसूया."

तीनशे माणसं डोळे मिटून बसली. हॉलमध्ये चिटपाखरू हलेना. आता खुर्ची वाजली तरी सगळे बघणार! बापूराव पुन्हा धरणावर गेले. बगळा उडून गेला होता. पाणी भिंतीच्या वर दिसत होतं.

दहा मिनिटं सरली. बौद्धाचार्यांनी आदरानं माइक त्यांच्या तोंडाशी धरला. "बापूराव, काय अनुभव आला?"

एखादं गोड वाक्य ठोकून द्यावं असं त्यांना वाटलं. पण खोटं बोलणार नाही, असं तासाभरापूर्वीच पंचशील घेताना सगळ्यांसमोर म्हटलं होतं. समोर अपेक्षा कौतुकानं बघत होती.

"ध्यान नव्हतं हो," ते म्हणाले. "प्रोस्टेटचं ऑपरेशन झालंय. लघवी धरून बसलो होतो! पोरीच्या लग्नातून उठायचं नव्हतं, एवढंच."

कुसुमताईंनी कपाळाला हात लावला. अपेक्षा हसता हसता रडायला लागली. आणि पहिल्या रांगेतले एक आजोबा काठी टेकत उठले. "आता बोललाच आहात, तर मीही जाऊन येतो." मग त्यांच्या शेजारचे उठले. मग दुसरी रांग उठली.

लेकीचा हात धरून बापूराव स्टेजवरून जपून उतरले आणि बाथरूमपाशी पोचले. रांगेत त्यांचा नंबर अकरावा होता. आत पोपटराव होते.