मॉनिटरवर नॅपकिन टाकणाऱ्या तांडेल सिस्टर

तांडेल सिस्टर मॉनिटरवर नॅपकिन टाकत.

माझ्या लेकीच्या, मनूच्या अंगात रक्त टिकत नसे. दर तीन आठवड्यांनी वाशीच्या एका हॉस्पिटलात तिला रक्त चढवावं लागे. नव्वद-पंच्याण्णवच्या सुमारास तिथं ते नवं यंत्र आलं. बोटाला चिमटा, दंडाला पट्टा, छातीवर तारा आणि पडद्यावर नाडी, श्वास, ब्लडप्रेशर. आम्ही पालक त्या हिरव्या आकड्यांकडे क्रिकेटचा स्कोअर बघावा तसे डोळे लावून बसायचो. सिस्टर यायच्या आणि पडदाच झाकायच्या.

"पोरीला बगा, भाऊ. टीवी काय बगताव?"

दर पंधरा मिनिटांनी, भातावरचं झाकण उचलावं तसा नॅपकिन उचलून आकडे कागदावर लिहायच्या आणि परत झाकायच्या. मोठे डॉक्टर राउंडला आले की नॅपकिन खांद्यावर जाई; ते वळले की पुन्हा पडद्यावर. मनूचा चिमटा निसटून यंत्र कोकलायला लागलं की सिस्टर त्यालाच दटावायच्या, "गप ऱ्हा! पोर हसते ती दिसत नाय तुला?"

सिस्टर जवळच्याच दिवाळे गावच्या कोळीण. पन्नाशीच्या, ठेंगण्या, चालणं तुरुतुरु. रक्त चढत असताना त्या मनूला सारखं बोलतं ठेवायच्या आणि विषय एकच, मासळी.

"बाय, पापलेटाला डोले किती?"

"दोन."

"आनि मांदेलीला?"

"सगळ्यांना दोनच असतात, मावशी! सारखं काय विचारता?"

"तू बोलतेस का ते बगाया."

एका मंगळवारी दुपारी पिशवी लावून दहा मिनिटं झाली असतील. सिस्टरांनी सुरमईचं काहीतरी विचारलं. मनू गप्प. मग बारीक आवाजात म्हणाली, "पाठ दुखतेय."

सिस्टरांनी तत्क्षणी नळी बंद केली आणि डॉक्टरांना हाक मारली. तरुण डॉक्टर धावत आले, नॅपकिन बाजूला करून बघितलं. "सिस्टर, सगळं नॉर्मल आहे. रक्त का थांबवलं?"

"मशीन नॉर्मल हाय, साहेब. पोर नाय."

डॉक्टरांनी एकदा मनूकडे नीट पाहिलं आणि मग वाद घातला नाही. सलाईन लागलं, इंजेक्शन तयार झालं. पाच मिनिटांत रक्ताची रिअॅक्शन उसळली; मनू थडथड उडायला लागली, ओठ निळसर झाले आणि यंत्रानं वॉर्ड डोक्यावर घेतला. सिस्टर मनूचे तळवे चोळत होत्या आणि यंत्राकडे न बघता पुटपुटत होत्या, "आता सांगतंय, शाना!"

संध्याकाळी मनूनं बिस्किट मागितलं, तेव्हा मी व्हरांड्यात जाऊन रडून घेतलं.

त्या शुक्रवारी सिस्टरांची सुट्टी होती, म्हणून आभार मानायला मी मनूला घेऊन दिवाळ्याला गेलो. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "शुक्रवार ना? ती टेलिफोनवर असंल."

नाक्यावरच्या एसटीडी बूथबाहेर बाकड्यावर सिस्टर बसल्या होत्या. जरीची हिरवी साडी, केसांत अबोली. लग्नाला निघाल्यासारख्या. त्यांची एकुलती एक मुलगी मस्कतला नर्स होती. शुक्रवारी चारला तिचा फोन यायचा. साडेपाच वाजत आले होते.

"चार वरसं जाली, तोंड बगितलं नाय," एवढंच त्या म्हणाल्या.

पावणेसहाला फोन वाजला. सिस्टर आत धावल्या. "जेवलीस काय? ... मी बरी हाय ... मंग कलवलं का नाय? ... बरं, बरं." तीन मिनिटांत बाहेर आल्या.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"आजारी व्हती. आठ दिवस. परवा उठली." त्यांनी पदर सारखा केला. "आवाज बरा वाटला. पन आवाजावरनं किती कलनार, भाऊ?"

मनू त्यांना खेटून बाकड्यावर बसली. पुढचा फोन एकदम पुढच्या शुक्रवारी, हे तिघांनाही ठाऊक होतं. तरी आम्ही बराच वेळ तिथंच थांबलो.