साबणाची बैठक

आमच्या शेजारच्या लिंबातात्यांची दाढी छातीपर्यंत आहे. नारायणगडाला नवसाने बोललेली आहे म्हणतात. काय बोलले ते तात्यांनाही आता आठवत नाही. अशा माणसाने दिवाळीपासून एकच ध्यास घ्यावा, दाढीच्या साबणाची गोल वडी स्टीलच्या वाटीत घट्ट बसवण्याचा! बत्तीस वर्षं गणित शिकवलं मी, पण हे कोडं काही सुटेना.

वाटी आमचीच, सहाच्या सेटमधली. तात्यांनी ती दारातूनच मागून घेतली, वडी आत टाकली आणि कानाशी धरून हलवली. खडखड वाजली.

"बैठक पक्की पायजे, गुरुजी," ते नाराजीने म्हणाले.

हे त्यांचं पालुपद. रांजणापासून सरपंचापर्यंत सगळ्यांना ते हीच कसोटी लावतात. लग्नात जेवायला बसले तरी आधी पत्रावळीखाली खडा आहे का ते चाचपतात.

पहिला प्रयोग गुळाच्या पाकाचा झाला. पाक वाटीत ओतून त्यावर वडी दाबली. वडी झकास बसली आणि सकाळी तिच्यावर मुंग्याही बसल्या. मग कुऱ्हाडीच्या दांड्याला मारतात तशी बाभळीची पाचर मारली. पाचर पक्की बसली, वडीचे तीन तुकडे झाले. तिसऱ्यांदा नव्या वडीभोवती कापूस ठासला, तर ब्रशला फेसाऐवजी ओल्या वातीच चिकटून आल्या.

"तात्या, खडखडली तर खडखडू द्या की," मी वैतागून म्हणालो.

"न्हाई चालत. चला, दावतो."

मागोमाग गेलो तर ते गल्लीच्या टोकाला थोरल्या भावाच्या, मारुतीअण्णांच्या घरात शिरले. आता तर मी पुरता बुचकळ्यात पडलो. बांधावरच्या एका बोरीवरून हे दोघे सोळा वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पावसाळ्यात अण्णांना अर्धांगवायू झाला. दिवाळी झाली तसे मुलगा आणि सून ऊसतोडीला गेले. गावातला न्हावी वडवणीला दुकान टाकून बसलेला. घरात वहिनी तेवढ्या होत्या. आम्हाला पाहून त्या चुलीकडे वळल्या.

अण्णा खाटेवर डोळे मिटून पडले होते. तात्यांनी फेस केला, एका हाताने गाल ताणला आणि दुसऱ्याने हळुवार रेझर फिरवला. दोघांत अवाक्षर नाही. मी दाराशी चोरासारखा उभा.

बाहेर आल्यावर तात्या म्हणाले, "वाटी वाजली की त्यो डोळे उघडंल, गुरुजी. डोळे उघडले की बोलावं लागंल, अन मला काय बोलावं सुचत न्हाई. अन त्यो जा म्हनला, तर दाढी कोन करंल त्याची?"

घरी येऊन मी बायकोच्या नकळत कुकरची जुनी रिंग कापली आणि वडीभोवती गच्च बसवली. वाटी उलटी केली तरी वडी पडेना. दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीत तात्यांबरोबर गेलो.

फेसाने रिंग निसरडी होते, हे माझ्या गणितात धरलेलं नव्हतं. अर्ध्या गालाला फेस लागला आणि रिंग निसटली, वडी घरंगळली, वाटी खाटेच्या पायावर आपटून फरशीभर वाजत गेली.

अण्णांनी डोळे उघडले. तात्या ब्रश हातात धरून तसेच उभे. अण्णांचं तोंड एका बाजूने वळत नव्हतं. शब्द गोळा करायला त्यांना वेळ लागला.

"येड्या... किसून बसव की. वल्या अंगठ्यानं दाब."

गावात आजवर कुणाचं न ऐकलेल्या तात्यांनी मुकाट्याने मान हलवली. वाटी उचलली आणि अण्णांना तसंच अर्ध्या फेसात ठेवून तडक आमच्या घरी आले. बायकोकडे किसणी मागितली. साबण किसायला खोबऱ्याची किसणी कोण देतं? ती नाहीच म्हणाली.

तात्या उंबऱ्यावरच बसले. डोळ्यांतलं पाणी दाढीत उतरत होतं, ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

"द्या की, बाई," ते म्हणाले. "अण्णा म्हनलाय."