वेबसाइटचं सुतक

रविवार, १२ ऑक्टोबर. दिवाळीची झाडलोट काढली होती. लालबागच्या आमच्या दोन खोल्यांतला एक कोपरा भाऊजींच्या जुन्या कॉम्प्युटरने अडवलेला, आणि भाऊजींची दाढी वाढलेली. म्हणजे पुन्हा कुठली तरी वेबसाइट बंद पडली होती.

वेबसाइटचं सुतक पाळणारा माणूस मी हा एकच पाहिला. माझे धाकटे दीर; लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहतात. कॉम्प्युटरवर रेल्वे चालवायचे खेळ असतात. त्यांतली इंजिनं, डबे, स्टेशनं हौशी लोक घरी बसून बनवतात आणि फुकट वाटतात. वेबसाइट गेली की तीही जातात. ती शोधून जपायची, हा भाऊजींचा उद्योग. पगार शून्य, संताप भरपूर.

"रात्ररात्र जागून बनवलंय लोकांनी, वहिनी! आणि हे हलकट पुसून टाकतात!"

"तुम्ही आधी पंखा पुसा."

बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय प्रत काढायची नाही, हा त्यांचा नियम. कुणीतरी दुसऱ्याचं इंजिन रंग बदलून आपल्या नावावर खपवलं, तेव्हा भाऊजी फोनवर असे कडाडले की खालचे पावसकर काठी घेऊन वर आले.

या रविवारी त्यांच्या कॉम्प्युटरची डिस्क खडखडायला लागली.

"ही गेली की मिलिंदचं इंजिन गेलं," भाऊजी म्हणाले. मिलिंद कोल्हापूरचा. ओळख फोनवरचीच. गेल्या वर्षी वारला.

"मग काढा ना प्रत!"

"काम थोडं राहिलंय, नुसतं चालवून बघ, एवढ्यात प्रत काढू नकोस, म्हणाला होता."

"अहो, तो माणूस गेला!"

"माणूस गेला. मी दिलेला शब्द कुठे गेलाय?"

माझं डोकं फिरलं. हे धूड उद्या भंगारात घालते, म्हटलं. तेवढ्यात फोन वाजला. मिलिंदची आई. दर रविवारी करते म्हणे.

भाऊजींनी फोन कॉम्प्युटरच्या स्पीकरजवळ धरला आणि इंजिनाचा भोंगा वाजवला. मिलिंदने तो स्वतःच्या तोंडाने काढला होता, म्हैस बरी. पण त्या भोंग्यातच मागून बाईची हाक आली, "मिल्या, जेवायला ये रे!" आणि भोंगा मध्येच थांबवून, "आलो गं!"

"परत एकदा लाव, बाळा," फोनवर तोच आवाज, थकलेला. "आणि खडखडतंय काय?"

"काही नाही, काकू. पंखा."

फोन ठेवल्यावर मी खेकसले, "त्यांनाच विचारायची ना परवानगी!"

"विचारलं तर त्यांना कळेल, हेही जायला आलंय." आणि मी नुकताच पुसलेला पंखा ते पुन्हा पुसायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी फोडणीला टाकली आणि भाऊजींच्याच फोनवरून कोल्हापूर लावलं. कॉम्प्युटर बिघडलाय, प्रत काढायचीय, चालेल का?

"काढ की गं," त्या म्हणाल्या. "तेवढी माझी हाक पुसू नका."

मी दाढीचं सामान भाऊजींच्या पुढ्यात आपटलं.

"आधी प्रत. मग दाढी."